बसलेली सविता, चालणारी सांद्रा

चित्रपटाविषयी साहित्याची माणसे बोलू लागली की 'संथ' आणि 'संयत' ही दोन विशेषणे हटकून कानावर येतात. ज्याला चित्रपट आवडला नाही तो 'संथ' म्हणतो, ज्याला आवडला तो 'संयत' म्हणतो. बोलत मात्र दोघेही एकाच गोष्टीविषयी असतात. युरोपातले गंभीर कथापट, किंवा गेली वीसएक वर्षे मराठीत निघत असलेले छोट्या भांडवलाचे स्वतंत्र चित्रपट, यांच्यात रूढ अर्थाचे नाट्य चटकन दिसत नाही. योगायोग नसतात, मोठमोठी भाषणे नसतात, पुढे काय वाटून घ्यायचे ते पार्श्वसंगीत सांगत नाही. मग अशा चित्रपटाचे कौतुक करायचे तर आपण पुरस्कारांचा आधार घेतो. व्हेनिसला गौरव झाला, टोरंटोला गौरव झाला, त्याअर्थी चित्रपट चांगला असणारच. वर्गात आम्हीही अनेक वर्षे हेच करत आलो. त्या सवयीविरुद्ध येथे थोडे म्हणायचे आहे.

आमचे म्हणणे असे की या चित्रपटांत नाट्य कमी नसते, ते वेगळ्या जागी असते. आणि ती जागा पुष्कळदा पुनरावृत्तीची असते. एकच कृती, एकच प्रश्न, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि त्या येण्यातूनच आशय उभा राहतो. दोन चित्रपट शेजारी ठेवले तर हे नीट दिसते. एक बेल्जियममधला आहे, दुसरा आमच्या भंडाऱ्यापासून फार लांब नसलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातला.

ज्याँ-पिएर आणि ल्यूक या दार्देन बंधूंचा 'टू डेज, वन नाइट' २०१४ साली कान महोत्सवात प्रथम दाखवला गेला. हे दोघे बेल्जियमच्या लिएज शहराजवळच्या औद्योगिक पट्ट्यातले. तो पट्टा पोलादाच्या कारखान्यांवर उभा राहिला आणि ते कारखाने ओसरल्यावर त्याचीही रया गेली. त्यांचे बहुतेक कथापट याच भूमीत घडतात. या चित्रपटातली सांद्रा सौर पट्ट्या तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. नैराश्याच्या आजारामुळे ती काही काळ रजेवर होती. तिच्यावाचूनही काम निभते हे मालकाच्या लक्षात आले आहे. त्याने सोळा सहकाऱ्यांपुढे पर्याय ठेवला: सांद्राची नोकरी, नाहीतर प्रत्येकाला हजार युरो बोनस. बहुतेकांनी बोनस निवडला. मुकादमाने लोकांवर दबाव आणला होता, असे सांगून एक मैत्रीण मालकाकडून सोमवारी गुप्त मतदान कबूल करून घेते. मध्ये शनिवार आणि रविवार. या दोन दिवसांत सांद्राने एकेकाच्या घरी जायचे आणि बोनसवर पाणी सोडण्याची विनंती करायची, एवढीच गोष्ट.

म्हणजे चित्रपटभर ती जवळजवळ एकच निवेदन करते. दार वाजवते, कोणीतरी उघडते, ती तेच सांगते. कागदावर ही संहिता वाचली तर कोणीही म्हणेल, यात कंटाळ्याखेरीज काय उरणार? पडद्यावर मात्र प्रत्येक दार वेगळे निघते. कोणी घरी असून नसल्याचे कळवते. कोणी अंगणात जुन्या फरशा साफ करत असतो. तोही पोटासाठीचा जोडधंदा. फुटबॉलच्या मैदानावर भेटलेला एकजण तिला पाहताच रडू लागतो, कारण पहिल्या वेळी आपण बोनसच्या बाजूने गेलो याची त्याला लाज वाटते. एका ठिकाणी बाप-लेकांत हातापायी होते. एक बाई नवऱ्याच्या विरोधामुळे आधी नाही म्हणते आणि पुढे नवऱ्यालाच सोडून येते. सांद्राचे शब्द बदलत नाहीत. म्हणूनच समोरच्या माणसातला फरक आपल्याला मोजता येतो. प्रयोगशाळेत एक घटक स्थिर ठेवून बाकीचे पाहतात, तशी ही रचना आहे. आणि प्रत्येक दारागणिक सांद्रालाही काहीतरी होत असते. मारियों कोतियार या अभिनेत्रीने ते चालण्यातून, खांद्यांतून, घोटभर पाण्यासाठी थांबण्यातून दाखवले आहे. कॅमेरा तिच्या पाठीशी, बाजूने, तिच्याच गतीने चालतो. घंटा वाजवून दार उघडेपर्यंतचा वेळ दिग्दर्शकांनी कापलेला नाही. तो वेळ तिला सोसावा लागतो, म्हणून आपल्यालाही.

मागील वर्षी आम्ही तिघांनी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या आणि एम. ए.च्या विद्यार्थ्यांसोबत हा चित्रपट पाहिला. आमची भीती ठरलेली होती. आमची मुले झाडीपट्टीतली. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, शंकरपट भरू लागले की वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत फिरू लागतात आणि होळीपर्यंत रात्ररात्र नाटके चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे थोडे लक्ष गेले. आमच्याकडे तिला कोणाच्या शिफारशीची गरज कधीच नव्हती. गाणी, विनोद, आक्रोश, खलनायकाचा गडगडाट, यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला सांद्राचे मुकाट चालणे काय भावणार, असे आम्हांला वाटत होते.

आमची भीती खोटी ठरली, आणि ज्या रीतीने खोटी ठरली ती आम्हांला अधिक शिकवून गेली. बोनस हा शब्द आमच्या मुलांना समजावून सांगावा लागला नाही. धानाचा बोनस जाहीर होणार की नाही, झाला तर हाती कधी पडणार, यावर त्यांच्या घरातली देणी, बहिणीचे लग्न, पुढच्या हंगामाचे खत अवलंबून असते. चित्रपट संपल्यावर आम्ही गृहीत धरून चाललो होतो की सगळ्यांची सहानुभूती सांद्राकडे असणार. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, बोनस कोन सोडल जी?" त्यानंतर जी चर्चा झाली तशी एखाद्या कादंबरीवर आमच्या वर्गात क्वचितच झाली असेल. निम्मी मुले बोनसच्या बाजूची होती आणि ती निर्दय मुळीच नव्हती. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत असे म्हणणारा पडद्यावरचा माणूस खोटे बोलत नाही, हे त्यांनी आमच्याआधी ओळखले होते. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या आमच्यातल्या दोघांनी मात्र प्रत्येक नकार देणाऱ्याला मनातल्या मनात दोषी ठरवून टाकले होते. दार्देन बंधूंनी तसे कोणालाही ठरवलेले नाही. चांगले प्रेक्षक आम्ही नव्हतो, मुले होती.

आमच्यातला तिसरा चाळिशी उलटूनही तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याचे लक्ष आणखी वेगळ्या माणसावर होते: अल्फोन्स हा मुदतीच्या करारावर काम करणारा तरुण. सांद्राला मत द्यावे असे त्याला मनापासून वाटते, पण मुकादमाची भीती आहे, कारण कराराचे नूतनीकरण व्हायचे आहे. सोमवारी मते समसमान पडतात, आठ विरुद्ध आठ. सांद्राला बहुमत मिळत नाही. तेव्हा मालक तिला सुचवतो की थोडे थांब. एका कंत्राटी कामगाराचा करार आम्ही पुढे वाढवणार नाही, मग तुला परत घेऊ. सांद्रा नाही म्हणते. बाहेर पडते, चालता चालता नवऱ्याला फोन करते, आणि हरूनही आपण नीट लढलो याचे समाधान तिच्या बोलण्यात असते. आम्ही दोघांनी या शेवटाचे वर्णन 'नैतिक उन्नयन' असे केले. तिसरा म्हणाला, "तिने 'नाही' म्हटले म्हणून एकाची नोकरी वाचली. आपल्या स्टाफरूममध्ये असे 'नाही' कोण म्हणेल ते मला सांगा." यावर बोलण्यासारखे आमच्याकडे फारसे काही नव्हते. समीक्षा म्हणून एवढेच नोंदवतो की हा समसमान निकाल आणि त्यामागोमाग येणारा प्रस्ताव थोडा आखीव वाटतो. दोन दिवसांच्या खडबडीत वास्तवानंतर सोमवारचे गणित जरा फारच नीट बसते. पण त्या गणितातून निघालेला प्रश्न मात्र खरा आहे.

आता दुसरा चित्रपट. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' हा पहिला कथापट २०२३ साली टोरंटो महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला, आणि ७ मार्च २०२५ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. चित्रीकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात झाले. नट व्यावसायिक नाहीत, त्याच भागातली माणसे आहेत. सविता ही कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. नंदिनी चिकटे हिने ती उभी केली आहे. सविता पदवीच्या वर्गात शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे; आणि घरी तिला पाहायला पाहुणे येत आहेत. एक स्थळ येते, जाते. दुसरे येते, जाते. कधी रंग आडवा येतो, कधी उंची, आणि हुंडा तर सगळ्याच बोलण्यांच्या मागे उभा असतो. बापाच्या कापसाला भाव मिळत नाही आणि मुलीचे लग्न जमत नाही. या दोन गोष्टी चित्रपट शेजारी ठेवतो. दोन्हीकडे माल पाहून किंमत करणारा समोर बसलेला असतो.

येथेही पुनरावृत्ती आहे, परंतु तिचा स्वभाव सांद्राच्या पुनरावृत्तीच्या अगदी उलट आहे. सांद्रा चालते, सविता बसते. सांद्रा लोकांच्या दारी जाते, सवितेच्या दारी लोक येतात. सांद्रा विचारते, सवितेला विचारले जाते: नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणता. तिकडे वाक्य एकच राहते आणि माणसे बदलत जातात. इकडे माणसे बदलतात, तरी ती एकच असल्यासारखी वाटू लागतात. पाय धुणे, पोहे, चहा, मुलीला बोलावणे, प्रश्न, आणि मग 'कळवतो' म्हणून उठणे. पहिल्यांदा हा विधी पाहताना आपल्याला त्यात थोडी गंमत वाटते, दुसऱ्यांदा आपण बारकावे पाहू लागतो. त्यापुढे मात्र पुढचा प्रश्न कोणता येणार हे आपल्याला पाठ झालेले असते, आणि तेथेच चित्रपट आपल्याला पकडतो. सवितेलाही ते पाठ आहे. तिच्या उत्तरांतला आवाज बदलत जात नाही, तो विझत जातो. ही घसरण एका प्रसंगात दाखवता आली नसती. एक नकार ही घटना असते. नकारांची रांग ही व्यवस्था असते. ती रांग प्रेक्षकाला बसून पाहावी लागते.

कॅमेऱ्याचे वागणेही या फरकाशी इमान राखून आहे. दार्देन बंधूंचा कॅमेरा सांद्रासोबत चालतो, कारण कितीही थकली तरी तिला हालचालीचा अधिकार आहे. सवितेला पाहायला पाहुणे बसतात तेव्हा चौकट स्थिर असते, आणि त्या चौकटीत आपली जागा पाहुण्यांच्या बाजूला आहे की घरच्यांच्या, हे ठरवणे अवघड होते. अशा स्थिर चौकटीला आम्ही पूर्वी नुसते 'युरोपीय शैली' म्हणून मोकळे होत असू. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'विषयीही (२०१४) आम्ही तसेच बोललो होतो. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका केली होती; ते २०२१ साली कोरोनाने गेले. त्या चित्रपटात न्यायालय सुटीसाठी बंद होते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा तेथेच थांबतो. त्या थांबण्यात युरोप नाही. तारखेमागून तारीख घेणाऱ्या, कचेरीच्या बाकावर दिवस काढणाऱ्या इथल्या माणसाचा काळ त्यात आहे. शैली कोठून आली हा प्रश्न गौण आहे. ती कोणाच्या काळाचे माप घेते, हा खरा प्रश्न आहे.

'स्थळ'बद्दल एक तक्रारही नोंदवायला हवी. चित्रपटाच्या आरंभी सवितेच्या स्वप्नाचा एक प्रसंग आहे. त्यात सगळे उलटे होते: बायका बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारले जात आहेत. प्रेक्षागृहात त्यावर हशा पिकतो, आणि पुढचे सगळे प्रसंग या उलट्या आरशात पाहिले जातात, हा त्याचा फायदा. परंतु चित्रपटाला जे सावकाश सांगायचे आहे ते यामुळे पहिल्याच मिनिटांत सांगून होते. पुनरावृत्तीवर एवढा भरवसा असलेल्या दिग्दर्शकाने प्रेक्षकावरही तेवढाच भरवसा ठेवला असता तर बरे झाले असते, असे आमच्यातल्या दोघांना वाटते. तिसऱ्याचे मत वेगळे आहे. ज्या मुलीला दिवसा एकही प्रश्न विचारता येत नाही, तिला निदान स्वप्नात तरी विचारू द्या, असे तो म्हणतो. हा मतभेद आमच्यात अद्याप मिटलेला नाही.

मूळ मुद्द्याकडे येऊ. आम्ही एम. ए.ला ॲरिस्टॉटल शिकवतो. आरंभ, मध्य, अंत, संघर्ष, उत्कर्षबिंदू हा क्रम मुलांकडून पाठ करून घेतो, आणि मग त्याच मोजपट्टीने अशा चित्रपटाकडे पाहून म्हणतो की यात संघर्ष 'आंतरिक' आहे. हा शब्द आमची सुटका करतो. वस्तुतः सवितेचा संघर्ष आंतरिक नाही. तो बैठकीच्या खोलीत, चारचौघांच्या देखत, चहाच्या कपांच्या मध्ये घडतो. आम्हांला तो दिसला नाही, कारण तो आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि आमच्यापैकी काहीजण कधीकाळी त्या खुर्च्यांवर बसूनही आलो आहोत.

प्रेक्षकांना दोष देणे तर अगदीच सोपे. आमच्या लोकांना धीर नाही, त्यांना मसाला लागतो, असे म्हटले जाते. थंडीत घोंगडी घेऊन, रात्री सुरू झालेले नाटक झुंजुमुंजू होईपर्यंत पाहणाऱ्या प्रेक्षकाला धीर नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? या प्रेक्षकाला चित्रपटात स्वतःची ओळख पटायला हवी असते. ती पटली की तो संथपणाची तक्रार करत नाही. अडचण त्याच्या अभिरुचीत कमी आणि चित्रपट त्याच्यापर्यंत न पोहोचण्यात जास्त आहे. शेजारच्या जिल्ह्यात, आपल्या बोलीच्या जवळच्या बोलीत बनलेला चित्रपट टोरंटोला आधी दाखवला जातो आणि त्यानंतर दीड वर्षाने आपल्याकडे लागतो. लागला तरी अशा चित्रपटांचा मुक्काम बहुधा फार दिवसांचा नसतो. मधली जागा भरण्याचे काम महाविद्यालये करू शकतात. पण त्यासाठी आम्हांला पुरस्कारांची यादी बाजूला ठेवून चित्रपटाला साधे प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. येथे पुन्हा पुन्हा काय येते? प्रत्येक वेळी त्यात काय बदलते आणि काय बदलत नाही? विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे? वेळ कोणाचा जातो? हे प्रश्न कवितेला लागू पडतात, कथेला लागू पडतात, आणि बी. ए.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजतात.

'स्थळ' पाहून झाल्यावर आम्ही मुलांना एक लहानसा स्वाध्याय दिला. सवितेने पाहुण्यांना कोणते प्रश्न विचारले असते, ते लिहा. बहुतेकांनी लांबलचक याद्या केल्या: नोकरी कायम आहे का, शेती किती, दारू घेता का, मला पुढे शिकू द्याल का. काही मुलांनी खेळीमेळीने मुलाची उंची विचारली. एका मुलीने पूर्ण पानावर एकच ओळ लिहिली होती: मी नाही म्हटले तर तुम्ही उठून जाल का?

या ओळीखाली शेरा काय लिहावा यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि शेवटी काहीच न लिहिता वही परत दिली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दिवाळीनंतर मुलींचे काही बाक रिकामे दिसू लागतात, हे आम्ही सगळे जाणतो. हजेरीपटावर आम्ही त्यांच्या नावापुढे गैरहजर अशी खूण करतो. त्या मुली त्या वेळी कोठे बसलेल्या असतील, हे आजवर आम्ही कधी विचारले नव्हते.